घरचा संगणक आणि त्याचीं शुद्धिपत्रें

सुशिक्षित कुटुंबाच्या घरांत हल्लीं एखादा तरी संगणक असतोच. मुलांचा अभ्यास, वडील माणसांचें निवृत्तिवेतन, विजेचें बिल, आयकराचें पत्रक, परदेशीं असलेल्या मुलाशीं बोलणें, आणि एखाद्या घरांत आजोबांचें आत्मवृत्त, इतकीं सर्व कामें त्या एका यंत्राकडे आलीं आहेत. पूर्वीं ज्या गोष्टी कपाटांत, फडताळांत व लाकडी पेटींत वांटून ठेविलेल्या असत, त्या आतां एकाच ठिकाणीं आहेत. सोय मोठी आहे. जोखीमही तितकीच मोठी आहे.

या यंत्राच्या पडद्यावर अधूनमधून एक लहानशी सूचना उमटते. अपडेट आलें आहे. आतां बसवावें कीं नंतर, असें ती विचारते. या सूचनेपुढें बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. तरुण पक्षाचें म्हणणें असें कीं, नवें तें चांगलेंच असणार. विचारलें कीं 'होय' म्हणावें व मोकळें व्हावें. वडील पक्षाचें म्हणणें असें कीं, चाललें आहे तें चालूं द्यावें. हात लावला कीं बिघडतें. एकास उतावळा व दुसऱ्यास आळशी म्हणून निकाल देणें सोपें आहे. परंतु दोघांच्याही म्हणण्यांत अर्धें सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर घर चालत नाहीं.

प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करण्याचें योजिलें आहे. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें; यंत्रविद्येंतील अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु ग्रंथाच्या एका पाठावरून दुसऱ्या पाठावर जातांना काय सांभाळावें लागतें, हें ज्यास ठाऊक आहे त्यास हा विषय परका वाटूं नये. पुणें शहरास तर तो मुळींच परका नाहीं.

तीन आंकड्यांचा अर्थ

संगणक ज्या सूचनांवर चालतो त्यांच्या समूहास आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. ग्रंथाप्रमाणेंच ती कोणा माणसानें लिहिलेली असते. म्हणून तींत ग्रंथाप्रमाणेंच चुका राहतात, आणि म्हणूनच तिच्याही आवृत्त्या निघतात. प्रत्येक आवृत्तीस क्रमांक असतो. पुष्कळ आज्ञावल्यांत तो तीन आंकड्यांचा असतो, उदाहरणार्थ, ३.९.४. यांतील शेवटचा आंकडा वाढला तर समजावें कीं, केवळ शुद्धिपत्र निघालें आहे. चुका दुरुस्त झाल्या, बाकी ग्रंथ होता तसाच आहे. मधला आंकडा वाढला तर परिशिष्ट जोडलें आहे. कांहीं नव्या सोयी आल्या, पण जुन्या मोडल्या नाहींत. पहिला आंकडा वाढला तर मात्र ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली आहे. तींत प्रकरणांची मांडणी बदलली असेल, कांहीं प्रकरणें गाळलींही असतील, आणि जुन्या आवृत्तीचा पृष्ठांक धरून नव्या आवृत्तींत शोधूं गेल्यास पदरीं निराशा येईल.

हे क्रमांक वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्यांतील टिंब दशांशाचें नव्हे. गणिताच्या संवयीनें पुष्कळांस ३.९ ही ३.१० पेक्षां पुढची वाटते, वस्तुतः ३.१० ही नंतरची. पाणिनीच्या अष्टाध्यायींत १.१.९ नंतर १.१.१० हें सूत्र येतें, तसाच हा प्रकार आहे. टिंब अध्याय, पाद व सूत्र यांस वेगळें करतें, अपूर्णांक दाखवीत नाहीं. सर्वच कर्ते हा संकेत पाळतात असें मात्र नाहीं. उबुंटु नांवाच्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ या क्रमांकाचा अर्थ २०२४ सालचा एप्रिल महिना इतकाच आहे. तथापि आलेली सूचना शुद्धिपत्राची आहे, परिशिष्टाची आहे कीं नव्या आवृत्तीची आहे, हा भेद प्रत्येक वेळीं करून पाहावा. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभें आहे.

न घेतलेलें औषध व विषारी औषध

प्रथम आळसाची किंमत पाहूं. विंडोज प्रणालींत एक मोठें छिद्र सांपडलें होतें. तें बुजविणारें शुद्धिपत्र मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ मार्च २०१७ रोजीं प्रसिद्ध केलें. त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनीं, १२ मे २०१७ रोजीं, त्याच छिद्रांतून 'वॉनाक्राय' नांवाची घातक आज्ञावली जगभर पसरली. दीडशें देशांतील दोन लाखांवर संगणकांतील कागदपत्रें तिनें कुलुपांत घातलीं आणि किल्लीसाठीं खंडणी मागितली. इंग्लंडांतील सरकारी इस्पितळांस रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्यांनीं मार्च महिन्यांतील शुद्धिपत्र वेळेवर बसविलें होतें, त्यांच्या यंत्रांत त्या छिद्रांतून तिला शिरतां आलें नाहीं. विंडोज एक्सपी ही जुनी प्रणाली वापरणारांस तर शुद्धिपत्रें ८ एप्रिल २०१४ पासूनच बंद झालीं होतीं; हाहाकार उडाल्यावर कंपनीनें अपवाद म्हणून त्यांच्यासाठीं एक काढिलें.

आतां दुसरी बाजू. त्याच वर्षीं, २७ जून २०१७ रोजीं, युक्रेन देशांत हिशेब ठेवण्याच्या एका प्रचलित आज्ञावलीच्या अपडेटमधूनच विष आलें. अपडेट पाठविणाऱ्या यंत्रणेंतच चोरांनीं आधीं शिरकाव करून घेतला होता. ग्राहकांनीं नेहमींप्रमाणें विश्वासानें अपडेट घेतलें आणि 'नॉटपेट्या' घरांत आली. तिनें मेर्स्क या जहाजकंपनीचें जगभरचें काम थांबविलें. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत त्या समूहाचा जो धक्का आहे, तेथील मालाची चढउतारही खोळंबली. युक्रेनांतील हिशेबाच्या वहीचा आणि रायगड जिल्ह्यांतील धक्क्याचा संबंध काय, असें कोणासही वाटेल. परंतु हल्लीं असले संबंध न विचारतां जडलेले असतात.

कधीं कधीं चोरही नसतो, केवळ चूक असते. क्राउडस्ट्राइक ही संगणकांच्या रक्षणाचें काम करणारी कंपनी. १९ जुलै २०२४ रोजीं तिच्या एका सदोष अपडेटनें सुमारें ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशीं बंद पडले. आपल्या देशांत कांहीं विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीनें आपली चूक दीड तासाच्या आंत मागें घेतली. परंतु बंद पडलेलें यंत्र दुरुस्ती घेण्यापुरतेंही सुरू होईना, त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं एकेका यंत्राजवळ माणूस बसवावा लागला.

औषध न घेतल्यानें रोगी दगावतो, तसाच भेसळीच्या औषधानेंही दगावतो. म्हणून कोणी औषध घेणें सोडीत नाहीं. तें कोणाच्या हातचें आहे, कशावर आहे, आणि आजच घेणें अवश्य आहे काय, एवढें पाहून घेतो.

एका घरांत दोन पंचांगें

आज्ञावली एकटी नांदत नाहीं. तिला दुसऱ्या दहा आज्ञावल्यांचा आधार लागतो. लिनक्स प्रणालींत ही रचना उघड दिसते. तेथें प्रत्येक आज्ञावली एका गांठोड्याच्या रूपानें येते. त्यास पॅकेज म्हणतात. गांठोड्यावर चिठ्ठी असते कीं, नांव अमुक, क्रमांक अमुक, अमुक पॅकेज अमक्या क्रमांकाचें किंवा त्यापुढचें लागेल, आणि अमक्याशीं पटत नाहीं. १९९३ सालीं आरंभ झालेल्या डेबियन प्रणालींत या सर्वांची व्यवस्था 'ॲप्ट' नांवाचा कारभारी पाहतो. तो चिठ्ठ्या वाचतो, कोणतें आधीं व कोणतें मागाहून बसवावयाचें तो क्रम लावतो, आणि काय केलें त्याची तारीखवार नोंद ठेवितो.

तो आणखी एक महत्त्वाचें काम करतो. गांठोडें वाटेंत कोणी उघडलें नाहीं ना, हें पडताळून पाहतो. संपूर्ण मजकुरावरून गणितानें एक लहानशी खूण काढलेली असते. मजकुरांतील एक मात्रा बदलली तरी ती खूण बदलते. आपल्या वैदिकांनीं संहितेच्या जोडीस पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ व घनपाठ राखिले, त्याचा हेतु याच जातीचा होता. एका पाठांत एखादें अक्षर ढळलें तर दुसऱ्यांत तें उघडें पडावें.

तंटा लागतो तो दोन आज्ञावल्यांस एकाच पॅकेजचे दोन निरनिराळे क्रमांक हवे असतील तेव्हां. एका घरांत टिळक पंचांग आणि दुसरें प्रचलित पंचांग अशीं दोन्हीं मानूं लागल्यास जो घोळ होतो, तोच येथें होतो. दोन्हीं आपापल्या गणितानें बरोबर असतात. पण अधिक मास एकांत एकीकडे व दुसऱ्यांत दुसरीकडे पडला, कीं गणपति कोणत्या महिन्यांत आणावयाचा हा प्रश्न उभा राहतो. उपाय दोनच. घरानें एक पंचांग ठरवावें, किंवा बिऱ्हाडें वेगळीं करून ज्याचें त्यास पाळूं द्यावें. संगणकांतही हेच दोन उपाय आहेत. सर्वांनीं एकाच भांडारांतील, एकमेकांशीं जुळवून पाहिलेलीं पॅकेजें वापरावीं, हा पहिला. आज्ञावलीनें आपला शिधा आपणच घेऊन येऊन वेगळी चूल मांडावी, हा दुसरा. फ्लॅटपॅक व स्नॅप या पद्धतींत असेंच होतें, आणि पायथन भाषा शिकणारे विद्यार्थी प्रत्येक कामासाठीं आभासी खोली करतात तीही अशीच. वेगळ्या चुलीस जागा अधिक लागते, पण भांडण मिटतें.

आधार किती बारीक धाग्याचा असतो याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. २०१६ सालच्या मार्च महिन्यांत एका लेखकानें आपलें अवघें अकरा ओळींचें पॅकेज सार्वजनिक भांडारांतून काढून घेतलें, आणि त्यावर कळत न कळत विसंबलेल्या असंख्य आज्ञावल्यांची बांधणी जगभर कांहीं तास अडली. तेव्हां 'हें काय कामाचें' म्हणून न ओळखीचें पॅकेज पुसून टाकूं नये. तें कोणाच्या तरी भिंतीखालचा दगड असूं शकतें.

डेबियनच्या तीन शाखा आहेत, स्थिर, परीक्षाधीन व अस्थिर. नवें पॅकेज आधीं अस्थिर शाखेंत येतें, तेथें टिकल्यास परीक्षाधीन शाखेंत जातें, आणि साधारणतः दोन वर्षांनीं स्थिर आवृत्ति निघते. ही सावकाश चाल पुष्कळांस कंटाळवाणी वाटते. पण २०२४ सालीं तिचें फळ दिसलें. एक्सझेड नांवाच्या, फाईली लहान करण्याच्या पॅकेजमध्यें कोणी चोरदार बसविलें होतें. २९ मार्च २०२४ रोजीं तें उघडकीस आलें, तें एका अभियंत्यास यंत्रांत प्रवेश करतांना अर्ध्या सेकंदाचा उशीर कां होतो अशी शंका आली म्हणून. दूषित पॅकेज अस्थिर व परीक्षाधीन शाखांत पोंचलें होतें. स्थिर शाखेंत पोंचलें नव्हतें.

अक्षर हरवतें तेव्हां

हीं उदाहरणें दूरचीं आहेत, असें कोणी म्हणेल. आतां घरचें घेऊं. तें मराठी अक्षराचें आहे.

मराठीस संगणकांत आणण्याचें पुष्कळसें काम पुण्यांतच झालें. सी-डॅक ही संस्था १९८८ सालीं येथें स्थापन झाली. तिच्या जिस्ट तंत्रानें व पुढें आयएसएम या आज्ञावलीनें कचेऱ्यांतील पडद्यावर देवनागरी आलें. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपि छापखान्यांत पोंचली. या सर्वांचे उपकार मोठे आहेत. परंतु त्या काळीं सर्व यंत्रांत रुळलेला असा देवनागरीचा एकच संकेत नव्हता. भारतीय मानकानें १९९१ सालीं 'इस्की' हा संकेत ठरविला होता. पण छपाईचे फॉन्ट त्याप्रमाणें चालत नसत. प्रत्येक फॉन्टनें आपली सोय पाहिली आणि रोमन अक्षराच्या जागीं देवनागरी अक्षराचा, किंवा त्याच्या एखाद्या तुकड्याचा, आकार बसविला. संगणकाच्या लेखीं मजकूर रोमनच राहिला. मराठी हा फक्त मुखवटा. तो फॉन्ट जोंवर यंत्रांत आहे तोंवर मराठी दिसतें. तो गेला कीं मागें रोमन अक्षरांचा पाचोळा उरतो.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत आजोबांनीं १९९८ च्या सुमारास आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत, व त्यास जोडून आपल्या आईच्या आठवणी, स्वतः टंकित केल्या होत्या. पुढें ते वारले. यंत्र जुनें झालें, नवें आलें. फाईली नव्या यंत्रांत नीट उतरवून घेतल्या होत्या. एकही हरवली नव्हती. वर्षश्राद्धाच्या निमित्तानें आजींनीं सासूबाईंच्या आठवणी वाचून दाखवावयास सांगितलें, तेव्हां पडद्यावर कंस, चिन्हें व रोमन अक्षरें यांखेरीज कांहीं दिसेना. आजींची समजूत झाली कीं, सर्व लिहिणें गेलें. त्या कोणास कांहीं बोलल्या नाहींत. पण दोन दिवस त्यांस अन्न गोड लागलें नाहीं.

लिहिणें गेलें नव्हतें. घरांतील धाकट्या सुनेस या कामांत गति होती. तिनें माळ्यावरच्या एका जुन्या तबकडीवरून फॉन्ट शोधून काढिला. तो बसवितांच पहिलें पान दिसूं लागलें. मग रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीनें तिनें सर्व मजकूर नव्या संकेतांत आणिला. त्यांत ऱ्हस्व इकार आपली जागा सोडून शेजारच्या अक्षरास चिकटले, जोडाक्षरांचे पाय मोडले, आणि लग्नाच्या पंक्तीच्या वर्णनांत आचाऱ्यांचे सरसकट आचार्य झाले. ज्यांस मजुरी द्यावयाची त्यांस दक्षिणा देण्याचा प्रसंग आला! शेवटीं पडद्याच्या डाव्या बाजूस जुना पाठ व उजव्या बाजूस नवा पाठ ठेवून आजींनीं वाचावें आणि सुनेनें दुरुस्त करावें, असे तीन महिने गेले. आज तो मजकूर शुद्ध आहे व त्याच्या चार प्रती चार घरीं आहेत.

या कुटुंबानें निष्काळजीपणा केला होता असें म्हणतां येत नाहीं. फाईली त्यांनीं जपल्याच होत्या. परंतु फाईल जपणें म्हणजे मजकूर जपणें नव्हे. मजकूर, त्याचा फॉन्ट आणि तो उघडणारी आज्ञावली, हीं तिन्हीं एकत्र जपावीं लागतात. यंत्र बदलतांना नेमकी हीच गोष्ट सुटते.

हें दुखणें मुळांतून बरें करणारा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालच्या ऑक्टोबरांत निघाली व तींत देवनागरी होती. त्यांत प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक असल्यामुळें फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. पण युनिकोडच्याही आवृत्त्या निघतात. 'ॲ' या स्वरास स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालच्या ५.१ या आवृत्तींत. रुपयाचें ₹ हें चिन्ह सरकारनें जुलै २०१० मध्यें स्वीकारलें, आणि त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत ६.० या आवृत्तींत तें आलें. त्यापूर्वींच्या फॉन्टांत या जागा रिकाम्याच आहेत. म्हणून नातवानें नव्या यंत्रावर लिहिलेला 'ॲ' आजोबांच्या जुन्या यंत्रावर रिकामा चौकोन होऊन बसतो. दोष नातवाचा नव्हे व आजोबांचाही नव्हे; दोघांच्या आवृत्त्या भिन्न आहेत, इतकेंच. फॉन्टचें शुद्धिपत्र घेतलें कीं चौकोनाचें अक्षर होतें.

भांडारकर संस्थेचा धडा

एका पाठावरून दुसऱ्यावर जावयाचें कसें, याचें जगन्मान्य उदाहरण आपल्या गांवांतच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें. तें १९६६ सालीं पुरें झालें. विष्णु सीताराम सुखठणकर हे १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत त्याचे प्रधान संपादक होते. या कामीं १२५९ हस्तलिखितें जमविण्यांत आलीं. तुलना करून जो पाठ अधिक प्राचीन ठरला तो वर छापला. आणि जे पाठ स्वीकारले नाहींत ते, कोणत्या हस्तलिखितांत सांपडले याच्या खुणेसह, खालीं दिले. टाकून कांहींच दिलें नाहीं. संपादकांचा निर्णय ज्यास पटत नसेल त्यास जुना पाठ तेथल्या तेथें पाहतां येतो.

या पद्धतींत आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे. हस्तलिखितांत दोन प्रकारचे दोष असतात. लेखकाच्या हातून सहज झालेली चूक हा लेखकप्रमाद. कोणी मागाहून हेतुपुरःसर घुसडलेलें तो प्रक्षेप. संगणकांतही हेच दोन. न घेतलेल्या शुद्धिपत्रामुळें प्रमाद तसाच राहतो. न तपासलेल्या अपडेटमधून प्रक्षेप घरांत येतो. म्हणून जुना म्हणून कोणताही पाठ शुद्ध नव्हे, आणि नवा म्हणूनही नव्हे. तुलना करावी, निर्णय घ्यावा, आणि मागचा पाठ हाताशीं ठेवावा. आज्ञावल्या लिहिणारे लोक २००५ सालीं निघालेलें 'गिट' नांवाचें साधन वापरतात. त्यांतही कोणी, केव्हां व कशासाठीं काय बदललें याची नोंद राहते आणि मागील प्रत्येक पाठ परत आणतां येतो. मोठमोठ्या पंडितांस व अभियंत्यांस जें अवश्य वाटलें, तें गृहस्थास अनावश्यक कसें असेल?

गृहस्थांनीं काय करावें

पहिलें, शुद्धिपत्र लवकर घ्यावें. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येण्याची सोय चालू ठेवावी, आणि आठवड्यांतून एकदां यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. पुष्कळ शुद्धिपत्रें तेव्हांच लागू होतात. ज्या प्रणालीचीं शुद्धिपत्रें बंद झालीं, तिच्यावर बँकेचें काम करूं नये. विंडोज ७ चीं जानेवारी २०२० मध्यें बंद झालीं, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला.

दुसरें, नवी आवृत्ति सावकाश घ्यावी. विंडोजमध्यें अपडेट पांच आठवड्यांपर्यंत थोपवून धरतां येतात. उबुंटुची दोन वर्षांनीं निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ति घेतल्यास पांच वर्षें शुद्धिपत्रें मिळतात. घरास तीच बरी. परीक्षेच्या आदल्या रात्रीं, आयकराच्या शेवटच्या आठवड्यांत किंवा घरांत मंगलकार्य असतां नव्या आवृत्तीस हात लावूं नये.

तिसरें, नवी आवृत्ति बसविल्यावर लगेच परीक्षा करावी. विंडोजमध्यें मागील आवृत्तीवर परत जाण्याची सोय साधारणतः दहा दिवसच असते. त्या अवधींत घरांतील प्रत्येक नेहमींचें काम एकदां करून पाहावें. मराठी टंकन, छपाई, बँकेचें पान, आणि विशेषतः सर्वांत जुनी फाईल. ती उघडली नाहीं तर दहा दिवसांच्या आंत कळलेलें बरें. दहा वर्षांनीं कळलें तर वाचणारेंच कोणी नसेल.

चौथें, एखाद्या पॅकेजचा जुना क्रमांकच कामाचा असेल तर लिनक्समध्यें तें रोखून धरतां येतें. पण कां रोखिलें हें लिहून ठेवावें आणि कारण संपतांच मोकळें करावें. नाहींतर शुद्धिपत्रेंही त्याच्याबरोबर अडकून पडतात.

पांचवें, संगणकाशेजारीं एक साधी वही ठेवावी. तारीख, काय बदललें, जुना क्रमांक, नवा क्रमांक, एवढ्या चार रकान्यांनीं काम भागतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे बिघाड झाला तर गुन्हेगार कोण हें वहीच सांगते.

सहावें, कोणताही मोठा बदल करण्यापूर्वीं प्रत काढावी. मूळ धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीकांठच्या पेठांतील किती घरांचीं दप्तरें वाहून गेलीं, हें पुण्यास सांगावयास नको. ज्यांची एक प्रत दुसऱ्या गांवीं होती त्यांचें तेवढें राहिलें. प्रतीची तबकडी काम होतांच यंत्रापासून सोडवून ठेवावी. जोडलेली असल्यास खंडणीखोर आज्ञावली तिलाही कुलूप लावते.

सातवें, अपडेट घ्यावयाचें तें प्रणालीच्या किंवा मूळ कर्त्याच्या भांडारांतूनच. दूरध्वनीवरून 'तुमचा संगणक जुना झाला आहे' असें सांगणारा, किंवा संदेशांतून दुवा धाडणारा, हा शुद्धिपत्र देणारा नव्हे.

आठवें, एकत्र कुटुंबांत या कामाचा एक कारभारी नेमावा. तो मुलगाच असला पाहिजे असें नाहीं. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द त्याच्याखेरीज आणखी एका जबाबदार माणसास ठाऊक असावा, आणि बाकी सर्वांचीं खातीं साधीं असावीं. कारभारी परगांवीं गेला म्हणून घर अडूं नये.

नववें, जें पुढच्या पिढीस द्यावयाचें आहे तें आजच युनिकोडमध्यें आणून ठेवावें, आणि जुना पाठ त्याच्या फॉन्टसह शेजारीं राहूं द्यावा. शक्य तर एक प्रत कागदावर छापून घ्यावी. कागदास आवृत्तीची अडचण नाहीं.

शेवटीं एक शब्द. वाचकांनीं पाहिलेंच असेल कीं, हा लेख जुन्या अनुस्वारांसह लिहिलेला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारनें १९६२ सालीं मान्य केले, १९७२ सालीं त्यांत चारांची भर पडली, आणि न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांस रजा मिळाली. भाषेचें तें एक मोठें अपडेटच होतें. शाळांनीं तें घेतलें, छापखान्यांनीं घेतलें; आम्हीही चाळीस वर्षें फळ्यावर तेंच शिकविलें. परंतु कोणी जुने ग्रंथ जाळले नाहींत, आणि नव्या नियमांत वाढलेल्या मुलास हा लेख आजही अडखळल्यावांचून वाचतां येतो. व्याकरणशास्त्रांत पाणिनि, कात्यायन व पतंजलि या तीन मुनींपैकीं उत्तरोत्तर मुनीचा शब्द अधिक प्रमाण मानतात. तरी अष्टाध्यायी कोणी कपाटाबाहेर टाकिली नाहीं, कारण तिच्यावांचून पुढच्या दोघांचें म्हणणें समजतच नाहीं. नव्याचा अधिकार मान्य करावा आणि जुनें वाचण्याची सोय राखावी, या दोन्हीं गोष्टी एकाच घरांत नांदूं शकतात. संगणकाच्या कोपऱ्यांत उमटणाऱ्या त्या लहानशा सूचनेस उत्तर देतांना इतकें ध्यानांत राहिलें, तर तरुण व वडील या दोन्हीं पक्षांचें समाधान होईल असें आम्हांस वाटतें.